दोनदा तळलेलं, एकदा परत पाठवलेलं

नवं हॉटेल उघडलं की पहिले काही दिवस तिकडे फिरकू नये, असं माझं एरवीचं मत. स्वयंपाकघराचा हात बसलेला नसतो, वाढणाऱ्यांना मेनू पाठ नसतो आणि मालक गल्ल्यावर घामाघूम झालेला असतो. कोरियन फ्राइड चिकनचं नवं हॉटेल उघडलं तेव्हा मात्र मला नेमकं हेच बघायचं होतं. हा पदार्थ दिसायला सोपा, पण वेळेच्या बाबतीत महाहट्टी. तेलातून निघाल्यापासून टेबलावर येईपर्यंत त्याचं काय झालं, हे पहिल्या घासाला कळतं. चव सॉसने सावरता येते, मऊ पडलेलं कवच कशानेच सावरत नाही. उद्घाटनानंतरच्या झुंबडीत नव्याकोऱ्या स्वयंपाकघराला हे झेपतं का, एवढंच बघायचं होतं.

बरोबर दोघं. एक मैत्रीण, जी शिकायला म्हणून दक्षिण कोरियातल्या देगू शहरात राहून आली आहे आणि तेव्हापासून चिकनच्या बाबतीत तिला कुणाचंच काही पटत नाही. दुसरा माझा भाचा. त्याचं कोरियाबद्दलचं सगळं ज्ञान मालिकांमधून आलेलं, आणि मालिकांमध्ये माणसं प्रेमभंग झाला तरी चिकन मागवतात आणि नोकरी लागली तरी चिकनच मागवतात, त्यामुळे त्याचा अभ्यास बऱ्यापैकी पक्का होता.

दाराशी एक मुलगी नावं लिहून घेत होती. आमचं नाव लिहिता लिहिता तिने सांगूनच टाकलं, "जागा मिळाल्यावर ऑर्डर दिलीत की चिकन यायला पंचवीसेक मिनिटं लागतील. चालेल ना?" आमच्या मागचे गृहस्थ लगेच करवादले, "एवढा वेळ? तळलेलं तर असतं!" मैत्रीण माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आधी तळून ठेवत नाहीत. आशेला जागा आहे."

वाट बघताना तिची टकळी सुरू झाली. देगूत तिच्या खोलीपासून चालत जाता येतील अशी चिकनची दुकानं मोजायचा तिने एकदा प्रयत्न केला होता, आणि मध्येच सोडून दिला. त्यात अतिशयोक्ती नसावी. 2019 च्या सुरुवातीला कोरियात चिकनची 87,000 च्या घरात दुकानं असल्याचं के. बी. फायनान्शियल ग्रुपच्या अहवालात म्हटलं होतं, आणि त्या देशाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्याही आत आहे. 1997 च्या आर्थिक संकटात कंपन्यांनी माणसं काढली, तेव्हा चाळिशी-पन्नाशीतल्या पुष्कळांनी हातात आलेले पैसे चिकनच्या दुकानात घातले. दुकान लहान चालतं, स्वयंपाकाची पदवी लागत नाही, फ्रँचायझी देणारी कंपनी पीठ आणि सॉस पाठवते. पुष्कळ दुकानं बुडालीही. "तिथे शेजारच्या दुकानापेक्षा तुमचं चिकन जरा जरी मऊ असलं ना, तर गिऱ्हाईक उद्या शेजारीच जातं," मैत्रीण म्हणाली. अशा रेट्यातून घासून आलेला पदार्थ आहे हा.

आत गेलो. टेबलाच्या बाजूला छोटा खण, त्यात चपट्या धातूच्या चॉपस्टिक्स, काटे आणि कागदी रुमाल. टेबलावर वाढप्याला बोलवायचं बटण. भाच्याने ते लगेच दाबलं, कारण दाबायची वस्तू दिसली की तो दाबतो. एक पोरगा धावत आला, काही हवंय का विचारलं, आम्ही नको म्हणालो, तो हसून परत गेला. त्याच्या शर्टावर घडीच्या रेषा अजून होत्या.

भिंतीवर एक चित्र होतं: तपकिरी कागदी पिशवी, तिच्यातून डोकावणारी अख्खी तळलेली कोंबडी. मैत्रिणीला ते फार आवडलं. आजचे रंगीबेरंगी सॉस येण्याआधी कोरियात जे मिळायचं ते हेच, तोंगदाक, म्हणजे अख्खी कोंबडी. 1960 मध्ये सोलच्या म्योंगदोंग भागात एक दुकान उघडलं, तिथे कोंबड्या विजेच्या शेगडीवर फिरवून भाजत. तळण्यासाठी मुबलक तेल लागतं, आणि खाद्यतेलाचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन तिथे 1970 च्या दशकात सुरू झालं, त्यामुळे तळलेली कोंबडी मागाहून आली. 1977 मध्ये लिम्स चिकन या साखळीने तुकडे करून तळलेलं चिकन विकायला सुरुवात केली, 1984 मध्ये केएफसी सोलमध्ये पोचलं. पगाराच्या दिवशी बाप अशी पिशवी घेऊन घरी यायचा, ही आठवण तिच्या देगूच्या घरमालकिणीने तिला इतक्यांदा सांगितली होती की आता ती तिचीच झाल्यासारखी सांगते.

मेनू आला. पानभर फोटो, आणि भाचा थेट चीज पावडर भुरभुरवलेल्या बोनलेसवर बोट ठेवून मोकळा. मैत्रिणीने मेनू माझ्या हातातून काढून घेतला.

इथे थोडं थांबून सांगते, कारण अशा ठिकाणी पहिल्यांदा गेलेला माणूस इथेच गांगरतो. प्रकार कितीही दिसले तरी मूळ तीनच. एक, साधं तळलेलं. दोन, यांगन्योम, म्हणजे तिखट-गोड लाल सॉसमधलं. तीन, सोया सॉस आणि लसणाचं, ज्याला गांजांग म्हणतात. बाकी सगळं याच्यावरचे दागिने: कांद्याच्या पातीच्या बारीक चिरलेल्या लांब काड्यांचा ढीग घातलेलं पादाक, मध घातलेलं, चीजवालं. आणि दोन चवींमध्ये जीव अडकला तर बानबान मागायचं, अर्धं हे, अर्धं ते. कोरियात ही इतकी रोजची गोष्ट आहे की त्यासाठी वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

वाढपी पोरगा परत आला. त्याने पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "मॅडम, बोनलेस घ्या, सगळे तेच घेतात. खायला सोपं."

"हाडासकट," मैत्रीण म्हणाली. "अर्धं साधं, अर्धं यांगन्योम. आणि गांजांगचे विंग्ज."

"साधं?" पोराला खरंच काळजी वाटली. "त्याला सॉस नसतो, मॅडम."

"म्हणूनच."

भाच्याचा चेहरा पडला, तेव्हा त्याच्यासाठी चीजचं बोनलेसही लहान आकाराचं सांगितलं. मावशीपणाला काही मर्यादा असतात, पण त्या एवढ्यात येत नाहीत.

चिकनच्या आधी तीन गोष्टी टेबलावर आल्या. मक्याच्या फुगवलेल्या हलक्या गोळ्यांची वाटी, जी गप्पांच्या नादात कधी संपते कळत नाही. बारीक चिरलेला कोबी, वर केचप आणि मेयोनीजचं गुलाबी मिश्रण, जे बघून मैत्रीण भलतीच हळवी झाली, कारण जुन्या पद्धतीच्या चिकनच्या दुकानात हेच देतात. आणि चिकिन-मू: पांढऱ्या मुळ्याचे चौकोनी तुकडे, व्हिनेगर, साखर आणि पाण्यात मुरवून गार केलेले. भाच्याने एक तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि वाटी पुढे सारली. मैत्रिणीने ती परत त्याच्यासमोर ठेवली. "राहू दे. लागेल."

आमचं टेबल नशिबाने स्वयंपाकघराच्या काचेला लागून होतं. तिथून दोन फ्रायर शेजारीशेजारी दिसत होते, आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं मी फोन बाहेर काढला नाही.

पहिल्या फ्रायरमध्ये तुकडे गेले तेव्हा तेलाने जोरात उसळी घेतली. हे तेल साधारण 160 अंशांच्या आसपास ठेवतात. पीठ फार पातळ लावलेलं होतं, तुकड्याचा आकार त्यातून स्पष्ट दिसत होता. त्यात मैदा कमी आणि बटाट्याचा स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर जास्त असतं. मैद्यातली प्रथिनं पाण्याला धरून बसतात आणि कवच जाड, पावासारखं होतं. स्टार्चचं कवच काचेसारखं कडक होऊन तुटतं. पहिल्या तळणीत मांस शिजतं, कातडीखालची चरबी वितळायला लागते आणि पाणी वाफ होऊन बाहेर पळतं. तेलातले बुडबुडे म्हणजे ती वाफच. दहाएक मिनिटांनी टोपली वर आली, तेव्हा तुकडे फिकट पिवळे होते. कुणाला वाटेल झालं. आचाऱ्याने टोपली झटकली, फ्रायरच्या कडेला अडकवली आणि पाठ फिरवली.

हीच ती खरी जागा. टोपली नुसती लटकत होती, तुकड्यांमधून वाफ वर येत होती आणि काचेच्या बाहेर लोक घड्याळं बघत होते. या वेळात मांसाच्या आतली उरलेली ओल हळूहळू बाहेर कवचाकडे सरकते. हे चिकन असंच वाढलं तर तीच ओल पाच-सात मिनिटांत कवच मऊ करून टाकते. म्हणून ती आधी बाहेर येऊ द्यायची आणि मग दुसऱ्या, जास्त तापलेल्या तेलात, 180 अंशांच्या वर, दोन-तीन मिनिटांत उडवून लावायची. मधला विसावा कापला तर दुसरी तळणी फुकट जाते, रंग तेवढा येतो. आणि रांग दाराबाहेर गेलेली असताना पहिल्यांदा कापला जातो तो हाच विसावा.

आमच्या आचाऱ्याने कापला नाही. एक पोरगा आतून येऊन त्याला काहीतरी सांगून गेला, बहुधा कुठल्या टेबलाची घाई होती. त्याने मान न वळवता हाताचा पंजा दाखवला: थांब. मग टोपली दुसऱ्या फ्रायरमध्ये गेली. या वेळचा आवाज वेगळा होता, कोरडा, बारीक. एका मिनिटात सोनेरी रंग आला. त्याने टोपली वर घेऊन जोरजोरात हलवली, तुकडे एकमेकांवर आपटून खडखडले, आणि मैत्रीण स्वतःशीच "हं" म्हणाली.

सॉसचं कामही तिथेच चाललं होतं. यांगन्योमसाठी मोठ्या स्टीलच्या भांड्यात गरम सॉस, त्यात तुकडे टाकून तीन-चार वेळा उडवले की काम झालं. गांजांगचे विंग्ज मात्र एक मुलगी ब्रशने एकेक करून रंगवत होती. क्योचोन नावाची साखळी, जी 1991 मध्ये देगूजवळच्या गुमी शहरात सुरू झाली आणि सोया-लसणाच्या चिकनवर मोठी झाली, ती याच पद्धतीसाठी ओळखली जाते. ब्रशने सॉस पातळ बसतो आणि कवच भिजत नाही. काम मात्र कंटाळवाणं. त्या मुलीच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

ताट आलं. पसरट, खाली जाळी, एका बाजूला साधं, एका बाजूला लाल, मध्ये काहीच नाही. ही जाळी बघून मला बरं वाटलं, कारण गरम चिकन सपाट ताटात ठेवलं की खालच्या बाजूला स्वतःच्याच वाफेत भिजतं. सोबत प्लास्टिकचे पातळ हातमोजे, एक चिमटा, हाडं टाकायला झाकणाचं भांडं, आणि एका बशीत मीठ-मिरपूड.

"आधी साधं," मैत्रीण म्हणाली. "लाल खाल्लंस की जीभ कामातून गेली."

मी साध्यातला पंखाचा तुकडा उचलला आणि आधी नीट बघितला. कवचाला पापुद्रे नव्हते, खवले नव्हते. गुळगुळीत, बारीक पुरळासारखे फोड असलेलं, अंड्याच्या टरफलाएवढं पातळ. दाताखाली ते आधी तुटलं, मग कळलं की कातडी वेगळी अशी राहिलेलीच नाही. तिच्यातली चरबी तेलात निघून गेली होती आणि कातडी कवचाचाच भाग झाली होती. आत मांस ओलं, रस हनुवटीवर. मीठ-मिरपुडीला टेकवून दुसरा घास घेतला. एवढंच. याला सॉस लागत नाही.

लेगपीसबद्दल मात्र तक्रार आहे. कोरियात या कामाला लहान कोंबडी वापरतात, साफ केलेली जेमतेम एक किलोची. तिथल्या प्रतवारीत 951 ते 1,050 ग्रॅमच्या कोंबडीला दहा नंबर म्हणतात आणि चिकनची बरीच दुकानं तीच घेतात. लहान तुकडा आतून शिजेपर्यंत बाहेरून करपत नाही. इथला लेगपीस त्या मानाने दांडगा होता. हाडाशी शिजलेला होता, कच्चा नव्हता, पण तिथवर उष्णता पोचवण्यासाठी त्याला तेलात जास्त वेळ ठेवलेलं, त्यामुळे वरचं मांस कोरडं पडलं होतं. कोंबडी मोठी मिळत असेल तर त्यांनी मांडीचे दोन तुकडे करावेत. मैत्रिणीचंही हेच म्हणणं पडलं, आणि ती सहसा माझ्याशी सहमत होत नाही.

पंखांवरून एक गंमत. भाचा दुसरा पंख उचलायला गेला तेव्हा तिने सांगितलं की कोरियात बायकांनी नवऱ्याला कोंबडीचा पंख खाऊ घालू नये असं गमतीत म्हणतात, तो उडून दुसरीकडे जातो. भाच्याचं लग्न व्हायला अजून दहा-बारा वर्षं तरी आहेत, तेव्हा त्याने बेधडक खाल्ला.

मग लाल. यांगन्योमचा सॉस गोचुजांगवर उभा असतो. मिरची, चिकट तांदूळ, सोयाबीन आणि मीठ एकत्र आंबवून केलेली ती दाट लाल पेस्ट. त्यात मिरचीची पूड, भरपूर लसूण, साखर, केचप आणि स्टार्चपासून केलेला पाक, ज्याने ती चकाकी येते. तुकडा उचलला की सॉसची बारीक तार मागे येते. पहिल्यांदा गोड लागतं, मग आंबट, आणि तिखट सगळ्यात शेवटी येऊन बसतं ते उठत नाही. तिसऱ्या तुकड्यानंतर भाच्याचा हात आपोआप मुळ्याच्या वाटीकडे गेला. मैत्रिणीने काही म्हटलं नाही. नुसती बघत राहिली.

या लाल सॉसचा जन्म देगूचा, त्यामुळे ही गोष्ट तिला सांगायचीच होती. तिथे युन जोंग-ग्ये नावाच्या गृहस्थांचं चिकनचं छोटं दुकान होतं. तळलेलं चिकन गार झालं की कवच इतकं कडक व्हायचं की गिऱ्हाइकांच्या टाळूला खरचटायचं, आणि उरलेलं तसंच टाकून जायचे. हे मऊ कसं करावं या विचारात त्यांनी 1980 च्या सुमाराला सॉसची खटपट सुरू केली. चव काही जमेना. शेजारच्या एका आजीने पाक घालून बघ म्हणून सुचवलं आणि जमली, असं ते मुलाखतींत सांगत. मुळ्याची वाटी देण्याची पद्धतही त्यांच्याच नावावर जमा आहे. पुढे 1985 मध्ये त्यांनी मेक्सिकन चिकन ही साखळी काढली. मेक्सिकोशी तिचा काडीचा संबंध नाही.

मला यातली गंमत अशी वाटते की सॉस आला तो कवच मऊ करायला, आणि आज प्रत्येक दुकान छाती फुगवून सांगतं की आमचं सॉसमध्ये बुडूनही कुरकुरीत राहतं. आमच्या ताटातल्या लाल तुकड्यांनी ते खरं करून दाखवलं. दहा मिनिटांनीही सॉसखाली कडक कवच लागत होतं. ते श्रेय सॉसचं नाही, त्या लटकत्या टोपलीचं.

गांजांगचे विंग्ज आले ते उशिरा, पण माझ्यासाठी तेच दिवसाचे मानकरी ठरले. खारट, हलके गोड, लसणाचा वास आधी नाकात. लालइतका गाजावाजा नाही, म्हणून बरेच जण मागवत नाहीत. मैत्रिणीने बिअर घेतली, हलकी लागर, थंडगार. 2002 च्या फुटबॉल विश्वचषकात कोरियाचा संघ उपांत्य फेरीत पोचला, तेव्हा रात्री सामने बघताना चिकन-बिअरची ही जोडी घराघरात पक्की झाली. देगूत तर 2013 पासून भर उन्हाळ्यात तिचा उत्सव भरतो. मी सोड्यावर भागवलं. गाडी माझ्याकडे होती.

आणि मग भाच्याचं बोनलेस आलं.

खोलगट वाडगा, कागद घातलेला, त्यात तुकडे रचलेले, वर चीज पावडरचा पांढरा-पिवळा थर. दिसायला मेनूतल्या फोटोसारखं हुबेहूब. वरचे दोन-तीन तुकडे ठीक होते. खालचे मात्र लिबलिबीत, कागदाला चिकटलेले, आणि पावडरीची ओली लेई झालेली. कारण उघड होतं. बोनलेसला कातडी नसते, कापलेले पृष्ठभाग जास्त, म्हणजे बाहेर येणारी ओल जास्त. तळल्यावर ते झटकून, क्षणभर मोकळं ठेवून मग पावडर टाकायची, तर यांनी तेलातून काढून तसंच खोल वाडग्यात भरलं होतं. काचेतून मला दिसलंही होतं, बोनलेसच्या टोपलीला गर्दीत विसावा मिळालाच नव्हता.

भाचा म्हणाला, "राहू दे मावशी, चव चांगली आहे." आम्ही सगळेच असं म्हणून मऊ चिकन खातो आणि मग हॉटेलवाल्याला कळत नाही.

मैत्रिणीने बटण दाबलं. पोरगा आला. तिने खालचा तुकडा काट्याने उचलून दाखवला. तो खाली लोंबत होता.

"मॅडम, बोनलेस असंच असतं," तो म्हणाला.

"असंच नसतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमचंच साधं चिकन बघा. ते यांना जमतंय, मग हेही जमेल."

पोरगा वाडगा घेऊन आत गेला. काचेमागे थोडी चर्चा झाली. आचाऱ्याने खालचा तुकडा बोटांनी दाबून बघितला, मग स्वतःच बाहेर आला, हात पुसत. थकलेला होता, पण बोलणं साधं. "बरोबर आहे तुमचं. पाच मिनिटं द्या, नवीन करून देतो."

"दहा घ्या," मैत्रीण म्हणाली.

तो हसला. खरोखरचं हसला, गिऱ्हाइकासाठीचं नाही.

दहापेक्षा जरा जास्तच लागले. या वेळी बोनलेस पसरट ताटात, जाळीवर, आणि पावडर वेगळ्या वाटीत. हे मला मुळातच जास्त शहाणपणाचं वाटलं, कारण चीज पावडर वाफ शोषते आणि कवच मऊ करते. भाच्याने तुकडा पावडरीत बुडवला आणि चावला. आवाज टेबलापलीकडे मला ऐकू आला. त्यानंतर त्याच्याशी संभाषण शक्य नव्हतं.

बिलावर बोनलेस लावलं नव्हतं. आम्ही लावा म्हटलं, त्यांनी नाही म्हटलं, गल्ल्यावर दोन मिनिटं ओढाताण झाली. सेवेबद्दल एवढंच की पोरं कामाला नवी आहेत, पाणी दोनदा मागावं लागलं, हातमोज्यांची दुसरी जोडी मागितली तर रुमाल आले. यातलं काहीही महिन्याभरात सुधारण्यासारखं आहे. संगीत मात्र फारच मोठं होतं, आणि कुरकुरीत खाण्याच्या जागी संगीत मोठं लावणाऱ्या माणसाचा हेतू मला कळत नाही.

लाल चिकनचे काही तुकडे उरले ते बांधून घेतले. पोरगा डब्याचं झाकण लावायला गेला, तेवढ्यात मैत्रिणीने त्याला थांबवलं. डब्याला भोकं होती, तरी तिने झाकण अर्धवट उघडं ठेवायला लावलं. कोरियात घरपोच चिकनचे डबेही असेच भोकांचे असतात, नाहीतर वाटेतच वाफेने सगळी मेहनत धुऊन निघते. घरी मायक्रोवेव्हच्या भानगडीत पडू नका, कवच चामड्यासारखं चिवट होतं. साध्या तुकड्यांना ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये 180 अंशांवर पाच-सहा मिनिटं पुरतात. लाल तुकडे मी तसे गरम केले तर सॉसमधली साखर कडेला करपली. भाच्याने बाकीचे फ्रिजमधून काढून गारच खाल्ले आणि ते जास्त चांगले लागले, हे मलाही मान्य करावं लागलं. युनसाहेबांनी सॉस गार चिकनसाठीच काढला होता.

तुम्ही जाणार असाल तर सुट्टीची संध्याकाळ टाळा आणि जागा काचेजवळची मागा. तिघांना एक अख्खं चिकन आणि विंग्जची एक प्लेट पोटभर होते. साधं आणि गांजांग घ्याच, लालही घ्या. लेगपीसवरून भांडू नका, पंख पळवा. बोनलेस अजून महिनाभर तरी मागवू नका, आणि मागवलंच तर पावडर वेगळी सांगा.